उजव्या पायावरचं थम

कवायतीचं माझं पुस्तक गेल्या महिन्यात छापून आलं. शाळांसाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे. त्यात 'थम'च्या, म्हणजे थांबायच्या हुकुमाच्या, पानावर एक वाक्य जास्तीचं आहे: चालताना थम कुठल्याही पायावर आलं, तरी जागच्या जागी थांबायचं. जुन्या पुस्तकांत हे सापडणार नाही, सापडलं तर याच्या उलटच सापडेल. त्यामुळे कवायत शिकवणारे लोक मला फोन करतात आणि बाई, ही छपाईची चूक राहिली का, असं फार सांभाळून विचारतात. छपाईची चूक नाही. ते वाक्य मी नागपूरहून आणलं. ते कसं आणलं, हे एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

जरीपटका

साताऱ्याच्या शाळेत उभी हयात मी मुलांना शिट्टीवर नाचवलं. निवृत्त झाले आणि पुण्याच्या एका प्रकाशकांनी हे काम गळ्यात घातलं. त्यांना सगळे हुकूम मराठीत हवे होते. सैन्याच्या जुन्या पुस्तकांतली भाषा हिंदी, त्यातली काही पुस्तकं तर रोमन लिपीत छापलेली हिंदी. 'पीछे मुड'ला 'मागे वळ' चालेल, 'दाहिने सज'लाही काहीतरी सापडेल; पण 'थम'पाशी माझी गाडी अडली. 'थांब' म्हणताना तोंड उघडं राहतं आणि शब्द लांबतो. 'थम' कसं दार आपटल्यासारखं बंद होतं. माझी कॉलेजातली मैत्रीण माधुरी नागपुरात जरीपटक्याला राहते. ती म्हणाली, इथे उमरेड रस्त्यावर ढोके म्हणून एक उस्ताद आहेत, सैन्यातून हवालदार होऊन आलेले. ते मुलींना भरतीसाठी तयार करतात. त्यांचा हुकूम एकदा ऐक आणि मग काय ते ठरव.

डिसेंबर संपत आला होता. नागपूरच्या उन्हाचं इतकं ऐकलं होतं की मी स्वेटर घेतला नाही, आणि पहिल्याच सकाळी माधुरीच्या नवऱ्याचं जाकीट घालून हिंडायची वेळ आली. त्या जाकिटात मी बरीचशी रखवालदारासारखी दिसत होते. माधुरीने मला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेऊन तर्री-पोहे खायला घातले. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पडते, बिचारे पोहे सुखाने नांदतात. इथे त्यांच्यावर चण्याची लालभडक तर्री ओततात. दुसऱ्या घासाला माझ्या नाकातून पाणी आलं, आणि गाडीवाला कौतुकाने बघत म्हणाला, "अजून टाकू का, काकू?" मी हो म्हटलं. साताऱ्याची अब्रू राखायची होती.

जरीपटक्याच्या बाजारात भरतीच्या पोरांसाठी लागणारं सगळं मिळतं: खाकी कापड, कॅनव्हासचे बूट, शिट्टीच्या विणलेल्या दोऱ्या. मी शिट्ट्या बघत होते. दुकानदार सिंधी, बोलणं हिंदीत. कुठे चाललात, असं त्याने विचारलं. ढोके उस्तादांचं नाव काढताच त्याने शिट्ट्यांचा खोका माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, तिथे चालला असाल तर चांगली मोठ्या आवाजाची घ्या, त्यांच्याकडे फार लागतात. कवायतीच्या मैदानावर शिट्टीचं एवढं काय काम, ते मला कळलं नाही. माधुरीने विषय बदलून मला संत्रा बर्फी घ्यायला ओढत नेलं.

उमरेड रस्ता

दुसऱ्या दिवशी पहाटेची उमरेडची एस.टी. पकडली. शहर संपलं तसं धुकं सुरू झालं. साताऱ्याकडचं धुकं डोंगरावरून उतरतं आणि उन्हाबरोबर मुकाट परत जातं. हे जमिनीतून वर येत होतं, त्याला ओल्या कोळशाचा वास होता. कंडक्टरने मला पुलियाजवळ उतरवलं. लहानसा पूल, त्याच्या कठड्यावर एक बाई पदर डोक्यावरून घेऊन बसलेली. ती माझ्याच बसमधून पुढच्या दाराने उतरली असेल, असं मला वाटलं. पण बस नागपूरहून आलेली आणि ती बाई तिथे बराच वेळ बसल्यासारखी दिसत होती.

मैदान पुलियाला लागूनच आहे. एका टोकाला फाटक आणि पत्र्याची खोली. दुसऱ्या टोकाला काटेरी तार, आणि तारेपलीकडे बंद पडलेली खाण, पाण्याने भरलेली. तिच्या कडेने खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर उभे आहेत. हे सगळं मला दुपारी दिसलं. सकाळी फक्त फाटक दिसलं आणि फाटकात ढोके उस्ताद. उंच, वाळलेले, मफलर कानांवरून बांधलेला. मॅडम, सरका जरा, रस्त्यात उभ्या हाव तुमी, असं म्हणून त्यांनी माझं स्वागत केलं.

पण आवाज! काय सांगू. सैन्यात शिकवणारे आधी तोंडी समजावतात, त्याला बयान म्हणतात. मग करून दाखवतात, तो नमूना. ढोके उस्तादांचं बयान हळू, घरातल्यासारखं असे, आणि हुकूम असा की पाठीच्या कण्यातून जाई. 'सावधान' झालं. 'दाहिने मुड', 'तेज चल' झालं. मुलींच्या टाचा एकदम वाजत, तुकडी धुक्यात शिरे आणि नुसता आवाज उरे, खट-खट, खट-खट, दूर जाणारा. मी खूश झाले. आता 'थम' येणार म्हणून कान टवकारले, तर उस्तादांनी शिट्टी फुंकली.

टाचा थांबल्या. आणि त्यांच्यामागून आणखी चार-दोन पावलं आली. एकाच जोडीची, नीट तालात, पुढे जाणारी. मग तीही विरली.

मातीच्या डोंगरांवरून आवाज परत येत असणार, असं मी मनाशी म्हटलं. शाळेच्या पटांगणात मागच्या भिंतीवरून माझी शिट्टी अशीच परत यायची. पण शिट्टी परत आली नव्हती, हे मला जरा उशिरा सुचलं, आणि माधुरीच्या नवऱ्याच्या जाकिटातही मला थंडी वाजली.

सकाळभर तेच चाललं. सगळे हुकूम तोंडी, थांबायचं मात्र शिट्टीवर. कवायत शिकवणाऱ्याने थम न म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीने मिठाला हात न लावणं. मी विचारलं, तर ते नंतर पाहू म्हणाले आणि बूट झटकत राहिले.

दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने वडा-भात केला होता. भातावर डाळीचे वडे कुस्करून वर कढत तेलाची फोडणी. मला असं काही साताऱ्यात कुणी खाऊ घातलं नव्हतं आणि मी लाज सोडून खाल्लं. पुलियावरच्या बाईंचा विषय मी जेवताना काढला, हे माझं चुकलंच. उस्तादांची बायको उठून आत गेली. उस्ताद ताटाकडे बघत म्हणाले, की ती निर्मलाबाई. तिची मोठी मुलगी मनीषा त्यांच्या तुकडीत होती. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी लाईन तोडून गेली. पोलिसांनी खाणीच्या पाण्यात गळ टाकले, काही सापडलं नाही. कोणाबरोबर तरी पळाली असेल, असं लोक म्हणतात.

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी लाईन तोडून गेली म्हणतो," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.

पुलिया

तिसऱ्या दिवशी माझी फजिती झाली. मैदान मोजावं म्हणून कवायत संपल्यावर तारेच्या बाजूला गेले आणि काळ्या चिखलात पाय असा रुतला की पाय वर आला, बूट राहिला. तुकडीची प्रमुख रोशनी धावत आली. ती जरीपटक्याचीच, बारावी झालेली, धिप्पाड पोरगी. तिने काठीने माझा बूट उकरून काढला. मी एका पायावर तिच्या खांद्याला धरून उभी होते, आणि का कोण जाणे, तेव्हाच तिला विचारलं, की उस्ताद थम का म्हणत नाहीत.

रोशनीने आधी फाटकाकडे पाहिलं. मग बूट पुसत पुसत सांगितलं.

ज्यांनी कवायत केली नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की चालत्या तुकडीला थम द्यायचं ते डावा पाय जमिनीला लागताना. मग एक पाऊल पुढे पडतं आणि टाचा एक-दो वाजून थांबतात. उजव्यावर थम आलं तर पाय अडखळतात, तुकडी विस्कटते. पुष्कळ उस्ताद मुद्दाम चुकीच्या पायावर थम देऊन बघतात; जी फसून थांबेल तिला मैदानाला फेरी. चुकीचा हुकूम ओळखून चालत राहते ती खरी तयार, असा हिशेब. मीसुद्धा शाळेत हा खेळ खेळले आहे, मुलांना आवडतो. ढोके उस्तादांच्या तुकडीत या खेळात मनीषा एकदाही फसली नव्हती.

त्या सकाळी धुकं असं होतं, रोशनी म्हणाली, की पुढचीची वेणी दिसत नव्हती. तेव्हा तार नव्हती. तुकडी खाणीच्या बाजूला चालली होती. उस्ताद फाटकाशी, त्यांना पाय दिसेनात. त्यांनी अंदाजाने थम दिलं.

"उजव्यावर पडलं, मॅडम. आमाले सगळ्यायले समजलं. पण पुढं खड्डा हाये म्हून भेव वाटून राहिलं होतं, म्हून आमी थांबलो. आमी चुकलो." तिने बूट माझ्या पायापाशी ठेवला. "ते नाई चुकली. ते चालत गेली."

"आणि हे कोणी सांगितलं नाही?"

"उस्ताद लाईन तोडून गेली म्हणले. मंग आमी काय म्हणाव?"

मी ओला बूट घालून पुलियावर गेले. निर्मलाबाई तिथेच होत्या. त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले. थंडगार दगड. त्यांनी मला जागा करून दिली, पण दुसऱ्या बाजूची जागा तशीच ठेवली. उमरेडच्या कोष्टी घरातल्या त्या. सासऱ्यांपर्यंत घरी हातमाग होता, आता त्या शाळेत खिचडी शिजवतात. रोज पहिल्या बसने येतात, धुकं उठेपर्यंत बसतात आणि परत जाऊन चूल पेटवतात. एरवी त्या फारसं बोलत नसाव्यात. पण मी कवायतीची बाई आहे हे त्यांना कळलं होतं.

"गावात म्हणतात, पळाली," त्या म्हणाल्या. "धाकटीले पाहणारे येते अन् मोठीचं ऐकून परत जाते. माही पोरगी अशी नोहोती, बाई. तुमी त्याईच्या धंद्यातल्या. त्याईले म्हणा, तिचं खरं काय झालं ते चार लोकायसमोर सांगा. मले दुसरं काई नाई पायजे."

माझं रोशनीचं ऐकून झालं होतं. सांगून टाकावं असं फार वाटलं. पण ते माझ्या तोंडून आलं असतं तर उमरेडमध्ये त्याला साताऱ्याच्या एका बाईची कुटाळकी म्हटलं असतं. ते उस्तादांनीच सांगायला हवं होतं. तेवढ्यात निर्मलाबाईंनी माझा हात धरला.

"ऐका," त्या म्हणाल्या.

मैदान रिकामं होतं. मुली पत्र्याच्या खोलीत चहा पीत होत्या, त्यांचं हसणं ऐकू येत होतं. आणि तारेच्या बाजूने, धुक्यातून, खट-खट, खट-खट. मला भीती वाटली, साधी, लहानपणची, आईला हाक मारावी अशी भीती. निर्मलाबाईंच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेतून पोर यायच्या वेळी बायका दारात उभ्या राहतात, तशा त्या ऐकत होत्या.

"दमली असंल वं," त्या म्हणाल्या. ते माझ्याशी नव्हतं.

दुपारी मी उस्तादांना गाठलं. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. उद्या मला थमचं बयान हवंय, म्हटलं, मुलींसमोर, आणि निर्मलाबाईंना मी फाटकाच्या आत आणून उभं करणार आहे. ते चिडतील असं वाटलं होतं. ते खोलीच्या पायरीवर बसले आणि मफलर सोडून गुडघ्यावर ठेवला.

"सगळ्यायचा आवाज थांबला होता, मॅडम," ते म्हणाले. "एकीचा चालूच होता. मले वाटलं, डोंगरावरून परतून येऊन राहिला. म्हून दुसऱ्यांदा हुकूम नाई देल्ला."

मी पहिल्या दिवशी तेच म्हटलं होतं मनाशी, अगदी त्याच शब्दांत. त्यानंतर त्यांच्यावर रागावणं मला साधलं नाही. मी तिथे असते तर मीही दुसरा हुकूम दिला नसता.

शेवटची सकाळ

त्या रात्री मला वाटत होतं, उस्ताद येणार नाहीत. ते आले. दाढी करून, जुना गणवेश इस्त्री करून, छातीवर पदकांच्या फिती लावून. धुकं आदल्या दिवसांपेक्षा दाट होतं. मुली तीन ओळींत उभ्या राहिल्या. निर्मलाबाई माझ्याबरोबर आत आल्या, पण मैदानाच्या चुन्याच्या रेघेबाहेरच थांबल्या. देवळात पायरीशी थांबावं तशा.

उस्तादांनी बयान सुरू केलं. हुकुमाचे दोन भाग, एक सूचनेचा, लांब. दुसरा अंमलाचा, आखूड. थम देताना डावा पाय जमिनीला लागला पाहिजे. तुकडी दिसत नसेल तर कानाने पाय ओळखावा. इथवर आवाज नेहमीसारखा, घरगुती होता. मग ते थांबले, तुकडीकडे पाठ करून निर्मलाबाईंसमोर गेले आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"बाई, त्या दिवशी माहा हुकूम उजव्यावर पडला. मनीषा लाईन तोडून नाई गेली. तिले जसं शिकवलं तसं ते चालली. चूक माही हाये. मी खोटं बोललो."

मुलींपैकी कुणीतरी हुंदका दिला. रोशनी समोर बघत होती. निर्मलाबाईंनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"हे उमरेडात येऊन सांगसान?" त्यांनी विचारलं.

"आजच येतो. पोलीस ठाण्यातही सांगतो."

निर्मलाबाईंनी मान हलवली. मग तारेच्या बाजूला बोट केलं. आम्ही सगळ्यांनीच ते ऐकलं. मी ऐकलं, मुलींनी ऐकलं. रोशनीच्या शेजारच्या मुलीने डोळे गच्च मिटून घेतले. खट-खट, खट-खट. तुकडी जागेवर उभी होती, एकही पाय हलत नव्हता.

"मंग तिले आता थांबवा," निर्मलाबाई म्हणाल्या. "तुमच्याबिगर कोणाच्या हुकुमानं थांबायची नाई ते."

ढोके उस्ताद धुक्याकडे वळले. मान खाली घालून, डोळे मिटून ते नुसते ऐकत होते, आणि मला कळलं की ते पाय शोधताहेत: कुठला डावा, कुठला उजवा. माझ्याही नकळत मी मनात मोजायला लागले. डावा, उजवा. डावा, उजवा. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा चूक होईल ही भीती त्यांच्या पाठीवरून मला दिसत होती, शर्ट ओला झाला होता त्या थंडीत. पावलं दूर चालली होती, आणखी थोडा वेळ गेला असता तर ऐकूच आली नसती.

"मनीषा," ते म्हणाले. लांब, सूचनेच्या आवाजात. आणि मग, "थम."

डाव्यावर पडलं. माझं आयुष्य त्यात गेलंय, मला कळतं. धुक्यात एक पाऊल पुढे पडलं. मग टाचा वाजल्या, एक-दो, स्वच्छ, परेडच्या दिवशी वाजाव्यात तशा. त्यानंतर त्या मैदानावर इतकी शांतता पसरली की खोलीच्या पत्र्यावरून ठिबकणारं दव मला ऐकू येत होतं.

निर्मलाबाई रेघ ओलांडून थोड्या पुढे गेल्या. पदर सावरला. धुक्याकडे पाहून, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "चाल वं माय, घरी."

त्या वळल्या आणि फाटकाकडे निघाल्या. धुकं अजून उठलं नव्हतं. सवयीप्रमाणे पुलियावर बसल्या नाहीत, उमरेडच्या दिशेने रस्त्याच्या कडेने चालू लागल्या, सावकाश, शेजारी कुणी दमलेलं असलं की आपण पाऊल लहान करतो तसं. मुली सावधानमध्ये ताठ उभ्या होत्या. उस्तादांचा हात सलामीला कपाळाशी गेला होता, तो त्यांनी खाली घेतला नाही. आणि दोघी नजरेआड होईपर्यंत त्यांनी तुकडीला विश्राम दिला नाही.